ग्वाल्हेरच्या रानातील ऊद

ग्वाल्हेर हे नाव मराठी माणसाला परके नाही. शिंद्यांची ही राजधानी. तानसेनाची समाधी येथेच आहे, ख्यालगायकीचे थोर घराणे ह्याच गावचे, आणि उभ्या खडकावर पसरलेला तो प्रचंड किल्लाही येथलाच. संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले, तरी लष्कर भागातील जुन्या पेठांतून हिंडताना मराठी आडनावांच्या पाट्या अजून दृष्टीस पडतात आणि एखाद्या वाड्यातून मराठी बोलही कानी येतात. कल्याणला संध्याकाळी पंजाब मेल पकडावी, भुसावळ, भोपाळ, झाशी अशी एकेक मोठी स्थानके मागे टाकावीत, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ही राजधानी समोर उभी राहते.

कॅथलिक वाचकांस आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. शिंद्यांचा जयविलास राजवाडा १८७४ साली पूर्ण झाला, तो सर मायकल फिलोस ह्यांनी उभारला. फिलोस घराणे मूळचे इटलीतील नेपल्सचे, कॅथलिक धर्माचे, आणि पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत राहिलेले. म्हणजे ह्या राजधानीच्या दगडांतही आपल्या धर्मबंधूंचे हात लागलेले आहेत. आज येथे स्वतंत्र धर्मप्रांत आहे. त्याची स्थापना १९९९ साली झाली.

परंतु आज आम्ही किल्ल्याविषयी किंवा राजवाड्याविषयी लिहिणार नाही. येथल्या रानात झाडांच्या सालीतून पाझरणाऱ्या डिंकाविषयी, आणि तो डिंक गोळा करणाऱ्या माणसांविषयी आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत. त्या डिंकाचा आपल्या वेदीशी संबंध आहे, आणि आपल्या घरातील आरशापुढच्या फळीशीही आहे.

तीन राजांचा सण आटोपून आम्ही जानेवारीत ग्वाल्हेरला गेलो होतो. लष्करच्या बाजारात काष्ठौषधी विकणाऱ्या पंसाऱ्यांची दुकाने आहेत. त्यांतील एका दुकानाच्या दारात गोण्या उघड्या मांडलेल्या होत्या. एकीत धावड्याचा पिवळसर डिंक, दुसरीत चारोळी, तिसरीत आवळकाठी, आणि कोपऱ्यातील दोन लहान गोण्यांत सोनेरी व तपकिरी रंगाचे चिकट खडे. दुकानदाराने एक खडा निखाऱ्यावर टाकला आणि क्षणात असा सुवास दरवळला, की आम्हांला मोठ्या सणाच्या मिस्सेची आठवण झाली. तो सालईचा डिंक होता. दुसरा खडा गुग्गुळाचा. हा माल कोठे जातो असे आम्ही विचारले. पूर्वी तो वैद्यांकडे आणि उदबत्तीवाल्यांकडे जाई. आता तोंडाला लावावयाची मलमे व साबण करणाऱ्यांचीही मागणी आहे, असे त्याने सांगितले. चारोळीचे तेल, मोहाच्या बियांचे तेल, मधाचे मेण, आवळा, शतावरी ह्या सर्वांचे तेच. शहरातील बायकांना आता रसायन नको, रानातले हवे, असे म्हणून तो हसला.

वाचकहो, सुवार्तेत पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूपुढे तीन दाने ठेविली: सोने, ऊद आणि गंधरस. ऊद ज्या झाडापासून मिळतो त्या जातीची झाडे अरबस्तानात व आफ्रिकेच्या शिंगात होतात. आपली सालई ही त्यांची सख्खी बहीण. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव बॉसवेलिया सेराटा. गंधरसाचे झुडूप कॉमिफोरा कुळीचे, आणि आपला गुग्गुळ त्याच कुळीचा. प्रभूच्या दफनाच्या वेळी निकदेमाने जो गंधरस आणला, त्याचाच हा भाऊबंद. तेव्हा सोने बाजूला ठेवले, तर ज्ञानी पुरुषांच्या उरलेल्या दोन्ही दानांचे नातलग ग्वाल्हेरच्या आसपासच्या कोरड्या रानात एकाच मुलखात उभे आहेत. हे कळल्यावर ती राने पाहिल्यावाचून परतणे आम्हांला बरे वाटले नाही.

ग्वाल्हेरहून नैर्ऋत्येस घाटीगाव, मोहना करीत शिवपुरी लागते, आणि तेथून पोहरी व कराहलवरून श्योपूर. पूर्वी ग्वाल्हेरहून श्योपूरला शिंद्यांनी घातलेली दोन फूट रुंदीची चिमुकली आगगाडी जात असे. जवळजवळ दोनशे किलोमीटरचा तो मार्ग जगातील सर्वांत लांब चिंचोळ्या रेल्वेमार्गांपैकी एक होता. २०२० साली ती गाडी बंद झाली आणि रुंद मार्गाचे काम हाती घेण्यात आले. आम्ही मोटारीने गेलो. शिवपुरी मागे पडल्यावर शेते विरळ होत जातात आणि खैर, धावडा, तेंदू व सालई ह्यांचे पानगळीचे रान सुरू होते. हाच सहरिया लोकांचा मुलूख.

सहरिया ही मध्य प्रदेश व राजस्थान येथील आदिवासी जमात. सरकारने ज्या जमातींना विशेष दुर्बल मानले आहे, त्यांत तिची गणना होते. गावाच्या कडेला त्यांची वेगळी वस्ती असते, तिला सहराना म्हणतात. घरे नालाच्या आकारात मांडलेली आणि मध्ये सर्वांच्या बैठकीची एक झोपडी, तिला ते बंगला म्हणतात. जमीन थोडी आणि तीही खडकाळ. त्यामुळे वर्षाचा मोठा भाग रानावर निघतो: उन्हाळ्याच्या आरंभी मोह, मग चारोळी, त्यामागून तेंदूची पाने, आणि थंडीपासून पावसापर्यंत डिंक. ह्या लोकांत क्षयाचा रोग फार आहे, आणि मुलांचे कुपोषण हे तर श्योपूरचे जुने दुखणे आहे. ज्या रानातून शहराच्या सौंदर्याची सामग्री निघते, त्या रानाच्या लेकरांच्या अंगावर मांस नाही, हे पाहून कोणाचेही मन विषण्ण होईल.

एका वस्तीतील एका वृद्ध गृहस्थाने आम्हांला रानात नेऊन सालईचे काम दाखविले. झाडाची पाने झडू लागली होती. हिरवट करड्या सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटत होते. जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याने धारदार कुऱ्हाडीने सालीची एक पातळ पट्टी तासली. आतल्या लाकडाला धार लागू दिली नाही. थोड्याच वेळात त्या जागी पांढुरके थेंब जमू लागले. काही दिवसांनी ते गोळा करावयाचे, जखमेची वरची कड पुन्हा किंचित तासावयाची, आणि असे करीत करीत पट्टी हळूहळू वर न्यावयाची. गोळा केलेला डिंक टोपलीत ठेवतात, म्हणजे त्यातील पातळ तेलकट भाग निथळून जातो आणि घट्ट डिंक मागे राहतो. पाऊस येण्यापूर्वी काम थांबते. मग झाड स्वतःच जखम भरून काढते.

“बाबा, ह्या झाडाला पुढल्या वर्षी पुन्हा लावणार काय?” असे आम्ही विचारले.

“नाही, फादरजी. ह्याला आता विसावा. दुभत्या गाईलासुद्धा भाकड दिवस लागतात,” तो म्हणाला.

त्या एका वाक्यात वनशास्त्राचा मोठा धडा सामावला आहे. पुरेशा घेराचे झाडच निवडावे, जखम उथळ असावी, एका झाडावर फार जखमा करू नयेत, आणि काही वर्षे त्याला मोकळे सोडावे. हे पाळले नाही, तर काय होते? उदाच्या इथिओपियातील व एरिट्रियातील झाडांचा अभ्यास झाला आहे. ज्या झाडांना अतोनात जखमा केल्या, त्यांना फुले-फळे कमी येतात आणि त्यांचे बी क्वचितच रुजते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. २०१९ साली दुसऱ्या संशोधकांनी इशारा दिला, की असेच चालले तर तेथील उदाचे उत्पन्न वीस वर्षांत निम्म्यावर येईल. कारण म्हातारी झाडे मरत आहेत आणि त्यांच्या जागी नवी उगवत नाहीत. आपल्या सालईचीही रोपे रानात सहजी तगत नाहीत. चराई आणि वणवा त्यांना जगू देत नाहीत. झाड आज उभे दिसते, पण त्याच्या पायाशी रोप नसेल, तर ते रान आतून ओसाड झालेले असते.

परतताना आम्ही सबळगड व जौरा ह्या मार्गाने मुरैन्यास आलो. ह्या वाटेच्या उत्तरेस चंबळेच्या घळी आहेत. माती कापीत कापीत पाण्याने तेथे शेकडो नाले खोदले आहेत, आणि पूर्वी त्यांत दरोडेखोर दडत म्हणून त्यांचे नाव देशभर झाले. त्याच रुक्ष घळींत गुग्गुळाचे काटेरी झुडूप वाढते. माणसाच्या उंचीहून ते फारसे मोठे होत नाही. डिंक देण्याजोगे होण्यास त्याला आठ-दहा वर्षे लागतात. मुळांनी ते ढासळती माती धरून ठेवते. परंतु त्याच्या डिंकाला भाव आला आणि घाई सुरू झाली. उथळ चिरेने जे थोडेथोडे मिळे, ते एकदम मिळावे म्हणून खोल खाचा पाडून त्यांत रासायनिक लेप भरण्याची रीत पडली. डिंक भळाभळा वाहतो. झुडूप पुढे वाळून मरते. घळी सपाट करून शेते काढली, तेथेही गुग्गुळ गेला. २०१५ साली जागतिक निसर्गसंवर्धन संघाने गुग्गुळाला अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत घातले. आपल्या देशाला लागणाऱ्या गुग्गुळाचा बराच भाग आता बाहेरून आणावा लागतो.

आता प्रश्न असा, की जे हात सालईला विसावा देतात, त्याच मुलखातील हात गुग्गुळाला का मारतात? रानातील माणूस अडाणी आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे नव्हे. चारोळीचे उदाहरण घ्या. फळ पिकण्यास वैशाख उजाडावा लागतो. परंतु अनेक ठिकाणी ते हिरवेच ओरबाडले जाते, फांद्यांसकट तोडले जाते. का? तर ‘मी आज नाही तोडले, तर उद्या दुसरा तोडील’ ही भीती. त्यात पावसाळ्यात व्यापाऱ्याने उसने धान्य दिलेले असते; त्याची फेड मालाने करावयाची, आणि भाव त्याने सांगावयाचा. ज्याला उद्याची भाकर दिसत नाही, त्याला पुढल्या वर्षीचे झाड कसे दिसावे? खोल खाच कुऱ्हाड पाडीत नाही. कर्ज पाडते, भूक पाडते, आणि हे झाड आपले नाही ही जाणीव पाडते.

ह्याच्या उलट, झाड आपले आहे हे ठाऊक असले म्हणजे हात आपोआप आवरतो. कुनोच्या रानातील सहरियांमध्ये सालईची झाडे कुटुंबागणिक वाटून घेण्याची रीत होती, अशी नोंद अभ्यासकांनी केली आहे. बापाने ज्या झाडाला जपून चिरले, तेच मुलाच्या वाट्यास येई. पुढे गीरचे सिंह आणावयाचे म्हणून गेल्या शतकाच्या अखेरीपासून कुनोतील २४ गावे उठविण्यात आली. सिंह काही आले नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी तेथे नामिबियाचे चित्ते आले. वन्य प्राण्यांना जागा हवी, ह्याविषयी आमचे दुमत नाही. तीही देवाची निर्मिती आहे. परंतु त्या कुटुंबांना जमिनीच्या मोबदल्यात जमीन मिळाली, तरी पिढ्यान्‌पिढ्यांची सालईची झाडे मात्र मागे राहिली, आणि डिंकाच्या हातच्या पैशाला ती मुकली. हिशेब करताना ही झाडेही हिशेबात धरली जावयास हवीत, एवढेच आमचे म्हणणे.

उपाय मुळीच नाहीत असे नव्हे. मध्य प्रदेशात १९८४ सालापासून लघु वनोपजाचा सहकारी संघ आहे. त्याच्या हाताखाली हजाराहून अधिक प्राथमिक संस्था आहेत, आणि रानातील मालाची औषधे करून तो ‘विंध्य हर्बल्स’ ह्या नावाने विकतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांना गौण वनोपजावर मालकी दिली. २०१३-१४ पासून केंद्र सरकारने काही वनोपजांना किमान आधारभूत किंमत लावली. चारोळी, मध, मोहाच्या व करंजाच्या बिया त्यांत आहेत. हे सर्व कागदावर चांगले आहे. परंतु कायदा वस्तीपर्यंत पोहोचावयास कोणीतरी पायी चालत जावे लागते. दाव्याचा अर्ज भरून देणारा, तोलकाट्यापाशी उभा राहणारा, पावती वाचून दाखविणारा माणूस जेथे आहे, तेथे कायदा जिवंत आहे. जेथे नाही, तेथे पूर्वीचाच व्यापारी आणि पूर्वीचेच कर्ज.

असे माणसे कोठे उभी राहिली काय, असे वाचक विचारतील. होय, आपल्या महाराष्ट्रातच. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या हिरडा-बेहडा गोळा करतात. बेहड्याच्या जुन्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. झाड तुटले तर त्याचा संसार मोडतो. पुण्यातील एका संस्थेने तेथील गावकऱ्यांना हाताशी धरून काम केले. झाड तोडावयाचे नाही, पक्व फळच घ्यावयाचे, काही फळे रानासाठी मागे ठेवावयाची, माल नीट सुकवावयाचा आणि त्याचा योग्य भाव घ्यावयाचा. गेल्या दशकात ह्या मालाला ‘फेअरवाइल्ड’ नावाची आंतरराष्ट्रीय प्रमाणखूण मिळाली आणि इंग्लंडमधील एक कंपनी तो घेऊ लागली. ह्या प्रमाणखुणेत दोन अटी एकत्र बांधल्या आहेत: रानाला झेपेल तेवढेच घेणे, आणि वेचणाऱ्याला न्याय्य मोबदला देणे. एक पाळून दुसरी मोडता येत नाही. आम्हांला ह्यातील शहाणपण हेच वाटते, की झाडाची दया आणि माणसाचा न्याय ह्या दोन गोष्टी नाहीत, एकच आहे.

आपल्या धर्माने हे केव्हाच सांगितले आहे. अनुवादाच्या पुस्तकात एक लहानसा नियम आहे: रानात घरटे आढळले तर पिले घेण्यास हरकत नाही, पण आईला सोडून द्यावे. मिळकत घ्या, मूळ राखा, हाच त्याचा अर्थ. आणि याकोबाच्या पत्रात मजुराच्या अडकवून ठेविलेल्या वेतनाविषयी किती कठोर शब्द आहेत, हे आपण मिस्सेत ऐकतोच. १८९१ साली परमगुरू तेरावे लिओ ह्यांनी ‘रेरुम नोवारुम’ ह्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला. २०१५ साली परमगुरू फ्रान्सिस ह्यांनी ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात धरतीचे दुःख आणि गरिबांचे दुःख एकत्रच ऐकावयास शिकविले. ते परिपत्रक आम्ही पूर्वी वाचले होते; सालईच्या झाडाखाली उभे राहिल्यावर त्याचा अर्थ डोळ्यांना दिसला.

ग्वाल्हेर दूर आहे, आपण काय करणार, असे आपल्या खेड्यातील माताभगिनींना वाटेल. परंतु आता आपल्याही घरांत शहरातून डब्या-बाटल्या येतात. त्यांवर पान-फुलांची चित्रे असतात आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द ठळक छापलेला असतो. वस्तू रानातली आहे, एवढ्याने ती निर्दोष ठरत नाही. खोल खाच पाडून मारलेल्या झुडपाचा गुग्गुळही नैसर्गिकच असतो. तेव्हा विकत घेणाऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात. हा माल कोणत्या मुलखातून आला? तो वेचणाऱ्याला काय मिळाले? आणि ते झाड पुढल्या वर्षी पुन्हा देईल काय? दुकानदाराला पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. दहा घरांनी विचारले, तर तो आपल्या पुरवठादाराला विचारील. त्याहून सोपे म्हणजे, आपल्या परसात जे होते त्याचा विसर पडू देऊ नये. दुधात वाटलेली चारोळी, कडुलिंबाचा पाला, खोबरेल, शिकेकाई ह्यांनी आपल्या आज्यांचे रूप काही कमी नव्हते.

आणि देवळाच्या कारभाऱ्यांनाही आमची विनंती आहे. धुपाटण्यात जो धूप पडतो, तो विकत घेताना भावाबरोबर त्याच्या उगमाचीही चौकशी करावी. सहकारी संस्थेचा किंवा आदिवासी बांधवांच्या गटाचा माल मिळत असेल, तर दोन पैसे जास्त देऊन तो घ्यावा. आपली प्रार्थना धुपासारखी देवापुढे वर जावी, असे आपण मागतो. त्या धुपासाठी कोणाची उपासमार झाली नसावी, आणि कोणते झाड मेले नसावे, एवढी काळजी घेणे हाही त्या प्रार्थनेचाच भाग होय. ज्ञानी पुरुषांनी आणलेला ऊदही कोणातरी गरिबाने कोणत्यातरी उन्हात झाडापाशी बसून गोळा केला असेल. त्याचे नाव सुवार्तेत नाही. परंतु गोठ्यात जन्मलेल्या त्या बाळाला ते ठाऊक होते, ह्याविषयी आम्हांला शंका नाही.